एकाच घरात, तरी अनोळखी! दोन कॉम्प्युटर एकमेकांना का दिसत नाहीत?



या सदरासाठी विषय शोधायचा असला की मी ओळखीच्या चार घरांत विचारते, 'सध्या काय अडलंय?' या वेळी तीन घरांतून जवळजवळ एकच उत्तर आलं. नेट सगळीकडे झकास चालतंय. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर यूट्यूब लागतं, आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंग सुरू असते. पण लॅपटॉपवरून हॉलमधल्या कॉम्प्युटरचा फोटोंचा फोल्डर उघडायला जावं, तर तो कॉम्प्युटर जणू घरातच नाही.

अशा वेळी बहुतेक जण पहिला फोन लावतात तो इंटरनेट कंपनीला. तिकडून उत्तर येतं, 'लाइन तपासली, स्पीड बरोबर आहे.' आपण चिडतो, पण त्यांचं म्हणणं बरोबरच असतं. इंटरनेट चालणं आणि घरातल्या दोन कॉम्प्युटरनी आपसांत बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. इंटरनेटसाठी प्रत्येक कॉम्प्युटरला फक्त राउटरपर्यंत पोचावं लागतं, पुढचं राउटर बघतो. आपसांत बोलायचं असेल तर दोघं एकाच गल्लीत असावे लागतात, समोरच्याने दार उघडावं लागतं आणि दारात कोण उभं आहे हे त्याला पटावं लागतं. तीनपैकी नेमकं कुठे अडलंय हे शोधलं की निम्मं काम झालं. बरेच लोक हे शोधण्याआधीच सगळी सेटिंग्ज उलटीपालटी करून बसतात.

आधी गल्ली बघू. मी राहते ते मल्लेश्वरम १८९८ च्या प्लेगनंतर आखून वसवलेलं. इथले पत्ते मेन आणि क्रॉसच्या आकड्यांत सांगतात. नुसतं 'बारा नंबरचं घर' म्हणून रिक्षावाल्याला काही कळत नाही, कितवा क्रॉस ते सांगावं लागतं. घरातल्या कॉम्प्युटरचे पत्तेही असेच असतात. समजा एकाचा पत्ता १९२.१६८.१.१२ आहे. बहुतेक घरगुती राउटरवर यातले पहिले तीन आकडे म्हणजे क्रॉस आणि शेवटचा म्हणजे घर नंबर. दुसऱ्याचा १९२.१६८.१.२० असेल तर दोघं शेजारी. पण तो १९२.१६८.०.२० निघाला, तर क्रॉसच वेगळा!

(तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरात अगदी तोच पत्ता निघाला तर दचकू नका. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ साली जगभरातल्या खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. बेंगळुरूच्या कितीतरी भागांत आठवा क्रॉस आहे, तसंच हे. आपापल्या भागापुरता तो पत्ता खरा.)

पत्ता बघायला विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन 'कमांड प्रॉम्प्ट' शोधा, काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' हा एकच शब्द जोडून टाइप करा आणि एंटर दाबा. 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' या ओळीसमोर आकडे दिसतील. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या 'डिटेल्स'मध्ये ते सापडतात. दोन्ही कॉम्प्युटरचे आकडे एका कागदावर लिहा. हो, कागदावरच. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत आकडे डोक्यातून निघून जातात.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक ठरवून घेतलाय. वायर सैल असते, वाय-फाय अर्धवट जोडलेलं असतं, नाहीतर राउटर बंद करून पुन्हा सुरू करायची गरज असते.

क्रॉस वेगळा निघाला तर दोन संशयित असतात. पहिला म्हणजे पाहुण्यांचं वाय-फाय. हल्लीच्या राउटरवर 'गेस्ट' नावाचं वेगळं नेटवर्क देता येतं. पाहुण्यांना नेट मिळावं, पण आपल्या कॉम्प्युटरमध्ये डोकावता येऊ नये, म्हणून ते मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. कधीतरी घाईत घरचाच लॅपटॉप 'गेस्ट'ला जोडला जातो, पासवर्ड लक्षात राहतो आणि तो कायमचा पाहुणा होऊन बसतो. काही राउटरवर मुख्य वाय-फायलाही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचं बटण असतं. ते चालू असेल तर एकाच क्रॉसवर असूनही कुणी कुणाला दिसत नाही. पीजीमध्ये आणि हॉटेलात ते चालू असणंच योग्य. घरात बंद करायला हरकत नाही.

दुसरा संशयित आमच्या भागात जास्त आढळतो. जुनी घरं, जाड भिंती. फायबरची वायर खालच्या हॉलमध्ये येते आणि वरच्या मजल्यावर वाय-फायचा एक दांडा उरतो. मग कुणीतरी दुकानातून दुसरा राउटर आणतं, खालच्या डब्यातून वर वायर नेतं आणि नवीन राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या जागी खोचतं. वर नेट छान चालतं, सगळे खूश. पण आता घरात दोन राउटर आहेत आणि दोघंही पत्ते वाटताहेत. खालचे सगळे एका क्रॉसवर, वरचे दुसऱ्या.

यातली गंमत अशी की ही अडचण बऱ्याचदा एकतर्फी असते. पत्ता टाइप केला तर वरच्या लॅपटॉपवरून खालचा कॉम्प्युटर उघडू शकतो, पण खालून वरचा काही केल्या उघडत नाही. वरचा राउटर आपल्या माणसांना बाहेर सोडतो, बाहेरच्याला आत घेत नाही, आणि त्याच्या लेखी तुमचा खालचा हॉलसुद्धा 'बाहेर'च असतो. म्हणून 'माझ्याकडून होतं, तुझ्याकडून का होत नाही' असं घरात ऐकू आलं, तर आधी घरातले राउटर मोजा. मल्लेश्वरमच काय, पुण्यातल्या दोन मजली बंगल्यात किंवा कोल्हापूरच्या जुन्या वाड्यातही हेच होतं.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असतो. तो निवडला की राउटर पत्ते वाटायचं सोडतो आणि फक्त वाय-फाय पसरवतो. नवीन मेश संचामध्ये याला 'ब्रिज मोड' म्हणतात. जुन्या राउटरला असा मोड नसेल तर तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात. त्याचं 'डीएचसीपी' म्हणजे पत्ते वाटणं बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या राउटरपेक्षा वेगळा पण त्याच क्रॉसवरचा द्यायचा आणि वायर 'वॅन'मधून काढून 'लॅन'मध्ये खोचायची. ही वायर मात्र सगळ्यात शेवटी बदला, नाहीतर सेटिंग करता करता दोन्ही राउटरचा गोंधळ उडतो.

आता दोघं एका क्रॉसवर आले असं धरू. मग हाक मारून बघायची. त्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत 'पिंग' लिहून एक जागा सोडा, पुढे आधी राउटरचा पत्ता टाका. तो आयपीकॉन्फिगमध्ये 'डीफॉल्ट गेटवे' या ओळीवर असतो. 'रिप्लाय' आला तर तुमची बाजू ठीक. मग दुसऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकून बघा. हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडीचं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतं, त्यावरून त्याने हे नाव दिलं. चाळीस वर्षं झाली तरी आजही दुरुस्तीची सुरुवात याच्यानेच होते.

समोरून पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे कॉम्प्युटर जोडलेलाच नाही, असं मात्र धरू नका. फाइल शेअरिंग बंद असेल तर विंडोजचा फायरवॉल ही हाक ऐकूनही गप्प बसतो. शिवाय कॉम्प्युटर झोपलेलाही असू शकतो! डेस्कटॉप 'स्लीप'मध्ये गेला की नेटवर्कवरून गायब होतो. आधी हॉलमध्ये जाऊन माउस हलवून या.

जुन्या काळी कॉम्प्युटर इतके संशयी नव्हते. आमच्या शेजारची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचं एनसीएसटी आणि पाच आयआयटी यांना जोडणारं एर्नेट हे नेटवर्क १९८६ साली सुरू झालं. त्या काळी जगभरातल्या अशा नेटवर्कवर संशोधकच असत आणि समोरचा आपलाच आहे असं गृहीत धरलेलं असे. आज तुमचा लॅपटॉप घरी, कॅफेत, विमानतळावर सगळीकडे जोडला जातो. म्हणून तो प्रत्येक नव्या नेटवर्कला परकंच समजतो. विंडोज त्याला 'पब्लिक' म्हणतं आणि दार लावून घेतं. हे घर आहे हे त्याला आपण सांगावं लागतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वाय-फाय आणि मग तुमच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'प्रायव्हेट' निवडा. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटच्या खाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. दोन्ही कॉम्प्युटरवर. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग इथे 'फाइल शेअरिंग' असतं. विंडोजवरून मॅक उघडायचा असेल तर तिथेच आत विंडोजसाठी आपल्या नावापुढे वेगळी खूण करावी लागते. ती बरेच जण विसरतात.

एवढं करूनही फाइल एक्सप्लोररच्या 'नेटवर्क'मध्ये दुसरा कॉम्प्युटर दिसला नाही तर निराश होऊ नका. ती यादी लहरी आहे. वरच्या पट्टीत दोन उलटे तिरके दांडे आणि पुढे थेट पत्ता टाइप करा, असं: \\१९२.१६८.१.१२ (आकडे अर्थात इंग्रजी). मॅकवर फाइंडरच्या 'गो' मेन्यूत 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. पत्त्याने उघडलं आणि नावाने उघडत नसेल, तर जोडणी शाबूत आहे, फक्त नावाची पाटी पडलीय. पत्त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा आणि पुढे चला. पत्ता अधूनमधून बदलत असेल तर राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' करून तो कायमचा बांधता येतो.

आणि 'होमग्रुप' शोधत बसू नका. विंडोज ७ पासून घरोघरी वापरली गेलेली ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ साली विंडोज १० मधून काढून टाकली. जुन्या व्हिडिओंत अजून तीच शिकवतात.

आता तिसरा टप्पा, ओळख पटवण्याचा. माझ्या मते सगळ्यात जास्त घरं इथे अडतात, कारण इथे कॉम्प्युटर दिसतो, दार वाजतं, पण नाव-पासवर्ड विचारून तो आपल्याला परत पाठवतो.

आमच्या घरमालकीण काकूंकडे काकांचा जुना कॉम्प्युटर आहे, विंडोज ७ चा. काका आता नाहीत. त्यांनी काढलेले, स्कॅन केलेले सगळे फोटो त्याच्यातच. लेकीने लॅपटॉपवर ते घ्यायचा प्रयत्न केला आणि दोन रविवार त्यात घालवले. फोनवरून कुणीतरी सल्ला दिला, 'फायरवॉल काढून टाक, मग होईल.' तोही काढून झाला, तरी होईना. काकू मला म्हणाल्या, "अगं, त्याला पासवर्डच नाही, तरी आत का घेत नाही?"

उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्याने समोर बसून कॉम्प्युटर उघडता येतो, पण नेटवर्कवरून आत शिरायला विंडोज परवानगी देत नाही. काकूंच्या कॉम्प्युटरला पासवर्ड दिला, फायरवॉल पुन्हा चालू केला आणि फोल्डर उघडला.

नव्या लॅपटॉपवर याचीच दुसरी आवृत्ती भेटते. रोज आपण चार आकडी पिन टाकतो, म्हणून नेटवर्कवरही तोच टाकतो. पण पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून विचारलं जातं तेव्हा मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि त्याचा खरा पासवर्ड लागतो, जो टाकून कित्येकांना वर्ष उलटलेलं असतं. सोपा मार्ग म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर फाइली आहेत तिथे फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं 'लोकल' खातं काढायचं, त्याला पासवर्ड द्यायचा आणि दुसरीकडून तेच नाव-पासवर्ड वापरायचं. घरातल्या कुणाचा ईमेल पासवर्ड कुणाला सांगावा लागत नाही.

पासवर्डशिवाय 'पाहुणा' म्हणून आत जायची जुनी सवयही आता मोडावी लागेल. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्तीत ते आपोआप बंद असतं. काल चालणारी हार्ड डिस्क अपडेटनंतर आज उघडत नसेल, तर हे कारण तपासा.

फायरवॉल काढायच्या सल्ल्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तो सगळीकडे मिळतो. त्याचा जोडीदार सल्ला म्हणजे 'एसएमबी१ चालू करा'. एसएमबी ही विंडोजची फाइल देवाणघेवाणीची भाषा आणि १ ही तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. या जुन्या आवृत्तीतलं एक भोक वापरून १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, पण असंख्य कॉम्प्युटरवर ती टाकलेलीच नव्हती. दीड महिन्याने, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि तेच भोक व जोडीला चोरलेले पासवर्ड वापरून एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर उड्या मारत गेला. त्याचा फटका थेट आपल्या न्हावा शेव्यापर्यंत पोचला. जेएनपीटी बंदरातलं मेर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मेर्स्कला पुढे जगभरात सुमारे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या दावोस बैठकीत सांगितलं.

आपल्या घरात ४५,००० कॉम्प्युटर नाहीत. पण मुलाने कुठूनतरी उतरवलेला गेम एका लॅपटॉपवर आहे आणि आजोबांचे फोटो दुसऱ्यावर, या दोघांमध्ये जी भिंत आहे ती हा फायरवॉलच. तपासण्यापुरता पाच मिनिटं बंद करून बघितला तर समजू शकते. बंद केल्यावर जोडणी झाली, तर अडथळा तिथेच आहे हे कळलं. मग तो लगेच चालू करून फाइल शेअरिंगला तेवढी परवानगी द्यायची. वेगळा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर त्याचाही स्वतःचा फायरवॉल असतो, तिथेही बघा.

एसएमबी१ विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटच्या अपडेटपासून मुळात बसवलेलंच नसतं आणि विंडोज ७ साठी त्याची गरजही नाही. ७ ला पुढची आवृत्ती येते. ते खरोखर लागतं एक्सपीला, काही जुन्या स्कॅनरना आणि जुन्या नेटवर्क हार्ड डिस्कना. त्यांच्यासाठी पेन ड्राइव्ह वापरा, एवढंच सांगेन.

बेंगळुरूच्या घरांत आणखी एक प्रकार हमखास दिसतो, तो ऑफिसच्या लॅपटॉपचा. व्हीपीएन सुरू असेल तर त्याची सगळी ये-जा ऑफिसमार्गे होऊ शकते आणि बाजूच्या खोलीतला प्रिंटरही त्याला दिसेनासा होतो. व्हीपीएन बंद केल्यावर दिसला तर ठीक. तरीही नाही दिसला, तर कंपनीनेच ते रोखलेलं असू शकतं. तिथे हात घालू नका. घरचे फोटो ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवूही नका, नोकरी बदलली की तो परत द्यावा लागतो.

फोनवाल्यांसाठी एक ओळ: आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून अ‍ॅप पहिल्यांदाच 'लोकल नेटवर्क'ची परवानगी मागतं. तेव्हा 'नाही' दाबलं असेल तर त्या अ‍ॅपला घरातला टीव्ही किंवा कॉम्प्युटर दिसत नाही. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन ती परवानगी देता येते.

विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, त्यामुळे सध्या कितीतरी घरांत जुन्यावरून नव्यावर सामान हलवणं चाललंय. जुन्या मशीनची हार्ड डिस्कही म्हातारी असते, म्हणून हे काम 'दिवाळीच्या सुट्टीत बघू' म्हणून ढकलू नका. एकदाच हलवायचं असेल तर वाय-फायच्या नादी न लागता दोन्ही मशीन राउटरला वायरने जोडा. २०० जीबी फोटो सेकंदाला १० एमबी वेगाने जायला साडेपाच तास लागतात. दोन्हीकडे आणि राउटरवरही गिगाबिट जोडणी असेल, डिस्क साथ देत असेल, तर तेच काम अर्ध्या तासाच्या आसपास होतं. राउटर नसेल तर एक वायर थेट दोन मशीनच्या मध्ये लावली तरी चालतं. तेव्हा दोघांचे पत्ते १६९.२५४ ने सुरू होतील. एरवी ही बिघाडाची खूण, पण इथे ती बरोबर आहे, कारण पत्ता द्यायला मध्ये कुणी नाही आणि दोघं एकाच क्रॉसवर आले आहेत. अशा वेळी विंडोज ते जाळं पुन्हा 'पब्लिक' समजतं, तेवढं बदलून घ्या.

कॉपी सुरू करण्याआधी दोन्हीकडचं 'स्लीप' बंद करा. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळते का बघा आणि पाच-दहा फोटो उघडून पाहा. संख्या जुळेपर्यंत जुन्यातलं काहीही पुसायचं नाही. जुळली की एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, मग जुन्या मशीनवरचं शेअरिंग बंद करा आणि त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवा.